वीणा खाली ठेवायची नसते

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा. भगवान व्यासांच्या स्मरणाचा आणि आपापल्या गुरुचरणी मस्तक ठेवण्याचा हा मंगल दिवस. घरोघरी पाटावर ग्रंथ मांडले जातील, फुले वाहिली जातील, शिष्य गुरूला वंदन करतील. गुरूने शिष्याला काय दिले याचे स्मरण आज होईलच, आणि ते व्हावयासच हवे. परंतु या दिवसाला आणखी एक बाजू आहे. गुरूने आपल्यामागे कोणाला उभे केले, हाही आजच्या दिवसाचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्या नावाने ही पौर्णिमा ओळखली जाते त्या व्यासांच्या चरित्रातच त्याचे उत्तर आहे.

व्यासांनी वेदराशीचे चार भाग केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते भाग त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाहीत, याकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. ऋग्वेद पैलाला, यजुर्वेद वैशंपायनाला, सामवेद जैमिनीला आणि अथर्ववेद सुमंतूला त्यांनी सोपविला. इतिहास व पुराणे सूतकुळातील रोमहर्षणाच्या हाती दिली. पुढे जनमेजयाच्या सर्पसत्रात भारतकथा सांगण्याचा प्रसंग आला, तेव्हा कथेचे कर्ते व्यास तेथे प्रत्यक्ष उपस्थित होते. त्यांनी मनात आणले असते तर स्वमुखे कथा सांगितली असती, आणि ती ऐकण्यास कोण उत्सुक नव्हते? परंतु त्यांनी वैशंपायनाला आज्ञा केली आणि स्वतः श्रोत्यांत बसले. शिष्य बोलत आहे आणि गुरू ऐकत आहे, हे दृश्य आमच्या मते गुरुपौर्णिमेचे खरे चित्र होय. देणे हे गुरुत्वाचे पहिले लक्षण खरे. पण दिल्यावर बाजूला बसता येणे हे त्याचे दुसरे आणि अधिक अवघड लक्षण आहे.

हा विचार आज मांडण्याचे कारण आमच्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागातच आहे. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी शेजारी शेजारी नांदतात. शहापुरातून कसाऱ्याचा घाट चढावा, तो इगतपुरीवरून त्र्यंबकेश्वरी जाता येते. तेथे श्रीनिवृत्तिनाथांची समाधी आहे. मुरबाडातून माळशेजचा घाट चढावा, तो ओतूर लागते. तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तेथे असल्याची संप्रदायाची श्रद्धा आहे. तीच वाट पुढे जुन्नर, नारायणगाव करीत श्रीज्ञानेश्वरमाउलींच्या आळंदीला मिळते. एक घाट गुरूकडे नेतो, दुसरा शिष्याकडे. आणि त्या गुरुशिष्यांची कथा तरी काय सांगते? थोरल्या भावाने धाकट्याला दीक्षा दिली, बोलण्याची आज्ञा केली आणि स्वतः ऐकले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. जगाच्या मुखी नाव राहिले ते शिष्याचे. पण त्या शिष्याने पानोपानी गुरूचेच नाव घेतले. निवृत्तिनाथांना याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती मिळावयाची होती?

अशा दोन घाटांच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावांत हरिनाम सप्ताहाची परंपरा रुजावी, यात नवल नाही. पहाटेचा काकडा, दिवसाचे पारायण, सायंकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद असा तो क्रम येथील कुणबी, आगरी, कोळी घरांच्या अंगवळणी पडलेला आहे. म्हशाच्या पौषातील यात्रेपासून गावदेवीच्या उत्सवापर्यंत भाविकांची गर्दी कोठेही कमी दिसत नाही. गर्दीची चिंता करण्याचे कारणच नाही. चिंता आहे ती वेगळी. वीणा धरणारे हात कोणाचे आहेत, ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी ते साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. पखवाजावर बसणारा शेजारच्या गावाहून बोलवावा लागतो. कीर्तनकार घाटावरून येतो, एक रात्र मुक्काम करतो आणि पाकीट घेऊन पुढच्या गावाला निघतो. कीर्तन उत्तम होते. परंतु सकाळी गावात मागे राहते ते मंडप सोडण्याचे काम.

या दोन तालुक्यांचे एक दुखणे सर्वांना ठाऊक आहे. तानसा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, आणि चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. माणसांचेही तसेच झाले आहे. वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा येथून पहाटेच्या गाडीने तरुण मुंबईकडे जातात. मुरबाडची मुले एस. टी.ने कल्याण गाठतात. पोटासाठी जाणाऱ्यांना कोण दोष देईल? पण जो तरुण रात्री थकून गावी परततो, त्याला देवळात काही काम आहे काय? बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्याला वर्गणी गोळा करणे, मंडप बांधणे आणि पंक्तीत वाढणे एवढेच येते. बोलण्याचे, गाण्याचे, ठरविण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे काम वडीलधाऱ्यांकडेच राहते. वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुलगा अजून तयार झालेला नाही, असे त्यांना वाटते. पण त्याला तयार व्हावयास वाव कोणी दिला, हे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न केवळ आमचा नाही. प्रत्येक धर्माला तो केव्हा ना केव्हा भेडसावतो, आणि परक्या घरातील अनुभव पाहिला म्हणजे आपल्या घरातील उणीव कधी कधी अधिक स्पष्ट दिसते. म्हणून आजच्या दिवशी आम्ही वाचकांस ख्रिस्ती समाजातील काही घटना सांगणार आहोत. परधर्माचे नाव पाहून कोणी दचकू नये. दुसऱ्याच्या अनुभवातून शिकल्याने आपली निष्ठा ढळत नाही. उलट ती डोळस होते.

आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा वाढला. बाप पोर्तुगीज आणि आई या मातीतली. त्याने पाद्र्यांच्या शाळेत शिक्षण घेतले, जपानात जाऊन ती भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून काम केले. परंतु ज्या जेझुइट संघाची त्याने सेवा केली, त्या संघात प्रवेश मिळण्याची त्याची इच्छा काही फळास आली नाही. अखेर तो मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि १५९७ साली नागासाकी येथे त्याला क्रुसावर मृत्यू आला. ज्याला संघाने आत घेतले नाही, त्याला १८६२ साली रोमने संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला ख्रिस्ती संत मानला जातो.

गोव्यात हीच वेदना अधिक उघड झाली. तेथील मूळच्या कोंकणी घरांतील मुले पाद्री होत. विद्येत ती कोणाला हार जात नसत. पण वरची पदे पोर्तुगिजांकडेच राहत. १७८७ साली तेथे जो कट उघडकीस आला आणि जो पिंटोंचे बंड म्हणून ओळखला जातो, त्यात स्थानिक पाद्रीच पुढे होते, आणि मोठ्या पदांपासून दूर ठेवले गेल्याचा राग हे त्यामागील एक कारण होते. माणसांना शिकवावे, राबवावे, त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्याव्या, पण किल्ल्या मात्र स्वतःच्या कमरेला ठेवाव्या, अशी रीत असली म्हणजे धर्मसंस्थेतही बंडे होतात, हा त्या घटनेचा बोध होय.

याच चित्राची दुसरी बाजू मुंबईत दिसली. १९३७ साली टॉमस रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेझुइट मुंबईचे आर्चबिशप होऊन आले. मुंबईच्या धर्मपीठावर पाळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप नेमण्याचा करार तेव्हा चालू होता. त्यात भारतीय माणसाची पाळी कधी यावी, याची तरतूदच नव्हती. रॉबर्ट्स यांना हे पटले नाही. १९४६ साली त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस या भारतीय धर्मगुरूंना साहाय्यक बिशप करून घेतले, आणि पुढे जे केले ते विलक्षण होते. ते स्वतः मुंबई सोडून गेले. कारभार ग्रेशस यांच्या हाती राहिला. रॉबर्ट्स जवळ राहिले असते तर प्रत्येक गोष्टीसाठी लोक त्यांच्याकडेच धावले असते, आणि ग्रेशस नावाचेच बिशप राहिले असते. १९५० साली रॉबर्ट्स यांनी रीतसर पद सोडले, ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल. परकी सत्ता जात असताना एका परक्या धर्मगुरूने आपण होऊन आसन रिकामे केले, ही गोष्ट आमच्या मते मुंबईच्या इतिहासात अधिक आदराने सांगितली जावयास हवी.

या मंडळींच्या मूळ ग्रंथांकडे पाहिले तरी असाच दाखला मिळतो. येशूने आपल्या शिष्यांचे शिक्षण पुरे होण्याची वाट पाहिली नाही. शिकत असतानाच त्यांना दोघादोघांनी गावोगाव धाडले, आणि ते परत आल्यावर त्यांचे अनुभव ऐकून घेतले. पुढे पौल हा प्रेषित एकेका नगरात काही काळ राही, तेथील स्थानिकांतूनच जबाबदार माणसे नेमी आणि पुढच्या नगराला निघून जाई. अडचण आली तर पत्र लिही. चीनमध्ये काम केलेल्या रोलंड ॲलन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १९१२ साली एक पुस्तक लिहून आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, की पौल अल्पकाळात जे सोडून जाऊ शकला, ते आपण पिढ्यान् पिढ्या धरून का बसलो आहोत? त्याच वर्षाच्या अखेरीस तमिळ प्रदेशातील व्ही. एस. अझरय्या हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. त्याआधी दोन वर्षे, १९१० साली, एडिंबरो येथील जागतिक परिषदेत त्यांनी परदेशी मिशनऱ्यांचे उपकार मान्य करूनही त्यांच्याकडून बरोबरीच्या स्नेहाची अपेक्षा उघड बोलून दाखविली होती. दान पुष्कळ मिळाले होते. बरोबरी मिळालेली नव्हती.

मराठी वाचकांना मात्र या साऱ्यांत अधिक जवळचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांचे धर्मांतर ज्यांना रुचले नाही, त्यांनीही त्यांची कविता आपली मानली. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या कामात असताना त्यांनी जे पाहिले ते असे, की चर्चमध्ये बसणारी माणसे मराठी, पण गाण्याची चाल, बसण्याची रीत आणि कारभाराचा लगाम मात्र विलायती. त्यांनी भजन आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. टाळ-वीणेवर ख्रिस्ताचे गुणगान होऊ लागले. धर्मशाळेत त्यांनी उपदेशकांना शिकविले, आणि या देशातील ख्रिस्ती समाजाचे नेतृत्व या देशातील माणसांनीच करावे असा आग्रह धरला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ या नावाची मंडळी उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले आणि दरबाराचे स्वप्न फार पुढे गेले नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण ते बोधप्रद आहे. एका थोर व्यक्तीवर उभारलेले काम त्या व्यक्तीबरोबर थांबते.

परंतु टिळकांनी घरात जे पेरले ते उगवले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पत्नीला त्यांनी अक्षरओळख करून दिली. तीच लक्ष्मीबाई पुढे ‘स्मृतिचित्रे’ची लेखिका झाली, पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले तेही तिनेच. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण टिळकांच्या नगरच्या घरी मुलासारखा राहिला. त्याला महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो. तो हिंदूच राहिला आणि टिळकांच्या प्रेमात त्यामुळे उणेपणा आला नाही. माणूस वाढविणे वेगळे आणि माणूस आपल्या कळपात ओढणे वेगळे, हा भेद ज्याला कळतो तोच खरा वडीलधारा.

आता वाचकांनी एका योगायोगाकडे लक्ष द्यावे. ज्या १९१७ साली टिळकांनी साताऱ्याची वाट धरली, त्याच साली आळंदीत सद्गुरू विष्णुबुवा जोग यांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. जोग महाराज पुण्याचे, पैलवानी शरीराचे, आजन्म ब्रह्मचारी. स्वतः उत्तम कीर्तनकार होते. गावोगाव फिरून कीर्तने केली असती तर कीर्तीला तोटा नव्हता. परंतु माउलींचा आणि तुकोबांचा अर्थ नीट सांगणारी माणसे तयार झाली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. खेड्यापाड्यांतील मुले आळंदीत यावीत, माधुकरीवर राहावीत, चार वर्षे ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, मृदंग यांचा अभ्यास करावा आणि परत जाऊन आपापल्या भागात बोलावे, अशी ती योजना. १९२० साली, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, जोग महाराजांनी देह ठेवला. संस्था मात्र थांबली नाही. शिष्यांनी ती चालविली, त्यांच्या शिष्यांनी चालविली, आणि आज शंभराहून अधिक वर्षे ती चालू आहे. जोग महाराजांच्या शिष्यांपैकी एक सोनोपंत दांडेकर, पुण्याच्या एस. पी. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि ज्ञानेश्वरीचे मान्यवर अभ्यासक. त्यांचा जन्म १८९६ साली केळवे-माहीमचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलाच. आमच्या मातीत गुणवान माणसे उपजत नाहीत, असे म्हणण्याची सोय सोनोपंतांनी ठेवलेली नाही.

ही उदाहरणे एकत्र ठेवून पाहिली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की नेता बाहेरून आणावयाचा नसतो. तो जेथे काम करावयाचे त्याच मातीतून निवडावयाचा असतो. दुसरी ही, की तयारी पुरी झाल्यावर जबाबदारी द्यावयाची नसते; जबाबदारी पडली म्हणजेच तयारी होते. आमच्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावयास नको. आषाढात तो राबातली रोपे उपटतो आणि चिखलात आवणी करतो. रोप कोवळे असते, उपटताना मुळे दुखावतात, दोन-चार दिवस ते माना टाकते. तरी तो ते राबात ठेवीत नाही. कारण राबात दाटीने राहिलेले रोप पिवळे पडते, त्याला लोंबी धरत नाही. तिसरी गोष्ट ही, की काम सोपवावयाचे तर त्याबरोबर अधिकारही सोपवावा लागतो. आणि चौथी, सोपविल्यावर मागे उभे राहून ओढाताण करावयाची नसते.

ही शिकवण आमच्या परंपरेत नव्हती असे नाही. समर्थांनी ठिकठिकाणी मठ स्थापून महंत नेमले. ज्यांच्या हातून दासबोध लिहविला त्या कल्याणस्वामींनाही त्यांनी पायाशी बांधून ठेवले नाही, डोमगावी पाठविले. वेणाबाई ही बालविधवा. त्या काळी तिने चारचौघांत उभे राहणेही लोकांना सोसले नसते. समर्थांनी तिला कीर्तनाची आज्ञा दिली आणि मिरजेचा मठ तिच्याकडे सोपविला. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जे घडले, ते आजच्या आमच्या गावांत घडते काय? हरिपाठाला स्त्रिया पुढे असतात, पारायणाला त्यांची संख्या अधिक असते. पण व्यवस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव शोधावे लागते.

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या ठाकर, कातकरी, वारली पाड्यांवर परधर्माचे प्रचारक येतात, अशी चिंता श्रद्धाळू गृहस्थ बोलून दाखवितात. या चिंतेला संतापाचे उत्तर देणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. आपापल्या धर्माचे आचरण आणि प्रसार करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सर्वांना सारखेच दिले आहे. बळजबरी आणि फसवणूक झाल्यास त्याला कायदा आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या पाड्यावरील किती मुलांना आपण टाळ धरावयास शिकविला? सप्ताहाच्या पंक्तीत त्या मुलांना बोलावले असेल. व्यासपीठावर बोलावले काय? कातकरी घरातला मुलगा पखवाज शिकला आणि गावाच्या काल्याला त्याने साथ केली, असे किती वेळा घडले? जो आपल्याला नुसता वाढून घ्यायला बोलावतो त्याच्यापेक्षा, जो आपल्या हाती काही सोपवितो त्याच्याकडे माणसाचे मन ओढ घेते. मनुष्यस्वभाव हा असा आहे, आणि तो धर्म पाहून बदलत नाही.

नवीन माणसे घडविण्याच्या उत्साहात काही सावधगिरीही हवी. लहान मुलांना कीर्तनकार करण्याच्या भाबड्या इच्छेने कोठेही पाठवू नये. अलीकडच्या वर्षांत आळंदी परिसरातील काही खासगी, विनापरवाना वसतिगृहांबाबत मुलांच्या छळाच्या गंभीर तक्रारी झाल्या आणि प्रशासनाला हालचाल करावी लागली. धर्माचे नाव फलकावर आहे म्हणून आई-बापांनी डोळे मिटू नयेत. संस्था नोंदलेली आहे काय, मुलांची देखरेख कोण करतो, शाळा सुटत नाही ना, मूल केव्हाही घरी फोन करू शकते काय, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. ज्याला अशा प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे मूल ठेवूच नये.

दुसरी सावधगिरी नेतृत्वाच्या कल्पनेविषयी. हल्ली मोबाईलच्या पडद्यावर चार विनोद रंगले की माणूस महाराज होतो, आणि त्याच्या बिदागीचे आकडे गावाची वर्षाची वर्गणी गिळून टाकतात. असे नेते आम्हांस अभिप्रेत नाहीत. ज्याला गावातील आजारी माणसाची खबर आहे, ज्याच्या शब्दाने दोन भाऊबंदांतला बांधाचा तंटा मिटतो, जो व्यसनात बुडालेल्याच्या घरी जाऊन बसतो आणि जो सप्ताहाचा हिशेब पैशा-पैशाने देवळाच्या भिंतीवर लावतो, तो खरा पुढारी. वाणी त्याच्यानंतर आली तरी चालेल.

मग करावे काय? आमच्या अल्प बुद्धीला ज्या चार गोष्टी सुचतात, त्या आम्ही गावोगावच्या भजनी मंडळांपुढे नम्रपणे ठेवतो. सप्ताहाच्या सात दिवसांपैकी एका रात्रीचे कीर्तन आणि निदान दोन दिवसांची प्रवचने गावच्याच माणसांकडे असावीत. पहिल्या वर्षी ती अडखळत होतील, तिसऱ्या वर्षी होणार नाहीत. नामवंत कीर्तनकाराला जे द्रव्य दिले जाते, त्यातील काही भाग पखवाज आणि गायन शिकविणाऱ्या शिक्षकासाठी वर्षभर खर्च करावा. नोकरीहून परतणाऱ्या तरुणांसाठी ती शिकवणी रात्री आठनंतर ठेवावी. मंडळाच्या कारभारात तिशीच्या आतील दोघांना आणि स्त्रियांपैकी दोघींना घ्यावे, आणि हिशेबाची वही त्यांच्यापैकी एकाच्या हाती द्यावी. पाड्यावरील मुलांना पंक्तीच्या आधी टाळांच्या रांगेत जागा द्यावी. आणि ज्येष्ठांनी, हे सर्वांत महत्त्वाचे, नवख्याच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसावे. त्याची ओवी चुकली तर भर सभेत दुरुस्त करू नये. दुसऱ्या दिवशी घरी बोलावून, चहा देऊन सांगावे.

तरुणांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आसन मिळत नाही म्हणून रुसून बसणे किंवा वेगळे मंडळ काढून एका गावात दोन सप्ताह करणे, हा मार्ग नव्हे. वैशंपायनाला सर्पसत्रात बोलण्याची आज्ञा मिळाली, कारण त्याने आधी पुष्कळ वर्षे ऐकले होते. ज्येष्ठांच्या गळ्यात जुन्या चाली आहेत, कोणत्या अभंगाला कोणते प्रमाण द्यावे याची स्मृती आहे. ती त्यांच्याबरोबर जाण्याआधी मागून घ्यावी. मागणाऱ्याला देणारा नाही म्हणत नाही, असा आमचा अनुभव आहे.

सप्ताहातील एक रीत प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. सातही दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवावयाची नसते. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. त्या वेळी सत्तर वर्षांचा वृद्धही विशीच्या मुलापुढे वाकतो, कारण तो मुलापुढे वाकत नसतो, पुढे चालणाऱ्या नामापुढे वाकत असतो. हात आखडला म्हणून कोणी वीणा सोडून देत नाही, आणि पहारा संपल्यावर कोणी ती धरूनही ठेवीत नाही. एवढी सुंदर रीत ज्यांनी घालून दिली, त्यांनी आपल्याला नेतृत्वाचा सारा धडा एका कृतीत दिलेला आहे. तो आपण सात दिवस पाळतो. उरलेले वर्षही पाळावा, एवढेच आमचे मागणे.

आज सायंकाळी गुरुपूजन झाल्यावर शिष्यांनी गुरूला अवश्य विचारावे, की आम्ही काय शिकावे. आणि ज्यांना लोक गुरू, महाराज, बुवा, अध्यक्ष म्हणतात, त्यांनी मनाशी विचारावे, की माझा पहारा संपत आला असताना पुढे हात कोणी केला आहे, आणि तो मला दिसतो आहे काय. व्यासांच्या कृपेने शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक गावात आणि पाड्यावर असा हात पुढे यावा आणि तो रिता राहू नये, अशी प्रार्थना करून आम्ही सर्व वाचकांस गुरुपौर्णिमेचे अभीष्ट चिंतितो.